चौथं माप

माईंनी खालची कवळी तोंडातून काढली, पाण्याच्या पेल्यात सोडली आणि तो पेला हळूच सुपाच्या भांड्यामागे सरकवला. टेबल ते केवढं, भोवती माणसं पाच, आणि त्यातल्या चौघांची नजर जेवायला बसल्यापासून माईंच्या तोंडावर खिळलेली. लपणार काय, कपाळ!

"कवळी छान झालीय हो," माई म्हणाल्या. "मलाच आज भूक नाहीये."

माई इतकं कच्चं खोटं बोलत की पत्ते खेळताना त्यांना आपल्या बाजूला घ्यायला घरात कुणी तयार नसे. सुनेने त्यांच्यापुढची पावाची बशी उचलली आणि सुपाचं भांडं जवळ ओढलं. त्याबरोबर मागचा पेला उघडा पडला. पाण्यात बुडालेली ती तिसरी कवळी सगळ्यांकडे बघून हसत राहिली.

माईंच्या थोरल्या मुलाचा, अप्पांचा, घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांच्या आजोबांनी कवळ्यांचा कारखाना थाटला होता. कारखाना म्हणायचं आपलं, चार माणसं एकदम वळली तर कोपर लागायचं. पण गावातल्या निम्म्याअर्ध्या म्हाताऱ्यांचं हसू याच खोलीतून बाहेर पडलेलं. बेकरीवाल्याचं, मोठ्या शाळेच्या हेडबाईंचं, कोर्टातल्या त्या कधीच न हसणाऱ्या शिरस्तेदाराचंसुद्धा. तो हसत नाही ही वेगळी गोष्ट, हसला असता तर दात अप्पांचेच दिसले असते. आणि अशा माणसाला स्वतःच्या आईची खालची कवळी साधेना. वरची बसली होती झकास. खालची मात्र पहिली नाचली, दुसरी टोचली, आणि ही तिसरी नाचतही होती आणि टोचतही होती.

"दादा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण..." धाकट्याने सुरुवात केली.

अप्पांचा हा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. घरात कवळ्या करणाऱ्यांच्या इतक्या पिढ्या झाल्यावर एकाने तरी वरच्या पायरीवर चढावं म्हणून माईंनीच त्याला शिकवला, आणि पायरी चढला तो थेट दुसऱ्या शहरात जाऊन बसला. त्याच्या 'पण'च्या पुढे नेहमी वाईट वाटून घेण्यासारखंच काहीतरी असायचं.

"पण आता पुरे झालं. माईचं वजन बघ किती उतरलंय. सुपावर आणि दुधात बुडवलेल्या बिस्किटावर माणूस किती दिवस काढणार? आमच्याकडे ते मोठं केंद्र झालंय ना, तिथे सगळं मशिनवर होतं. चेहरा मोजतात, जबडा मोजतात, कवळी आतल्या आत तयार होऊन बाहेर येते. मी उद्या सकाळची वेळ घेऊन ठेवलीय. जेवण झालं की माईला घेऊन निघतो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतास."

हे खरं होतं, त्यामुळे अप्पांना जास्तच राग आला.

"काका, मशिन आपल्याकडेही आहे," बिट्टी म्हणाली.

बिट्टी अप्पांची मुलगी. शिकून आली आणि बापाच्याच खोलीत, बापाच्याच बाकाच्या टोकाला खुर्ची टाकून बसली. सोबत तिने एक वापरलेला स्कॅनर आणि एक छोटा प्रिंटर आणला होता. अप्पा स्कॅनरला टीव्ही म्हणत आणि रोज संध्याकाळी जाताना त्यावर हात पुसायचा पंचा टाकून जात. बिट्टी रोज सकाळी तो पंचा काढून घडी घालून ठेवी. यावरून दोघांमध्ये एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं.

"बिट्टी, तुझं ते टेबलावरचं खेळणं आणि तिकडचं केंद्र यात फरक आहे, बेटा," धाकटा म्हणाला.

"खेळणंच आहे ते," अप्पाही म्हणाले. "कवळी हातांनी होते."

दोघे भाऊ कितीतरी महिन्यांनी एका बाजूला आले, आणि तेही बिचाऱ्या पोरीच्या विरुद्ध. बिट्टीने आईकडे पाहिलं. आईने बटाटा कुस्करायला घेतला. नवरा, दीर आणि मुलगी यांच्या मधोमध इतकी वर्षं राहायचं तर बटाटा कुस्करता यायला लागतोच.

"हातांनी म्हणे!" माई एकदम म्हणाल्या. भूक नसली तरी त्यांना भांडणाची चव चांगली लागायची. "आणि ती पॉलिशची मोटर कुठल्या हातांनी फिरते रे? तुझे आजोबा पायाने चाक मारत बसायचे. गुडघे सुजायचे. मी नवी सून, मीच म्हटलं, विजेची मोटर आणू या. तर माझे सासरे म्हणाले, विजेने फिरणाऱ्या चाकाला दाताची माया नसते. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. सांगायचं असेल ते मांजराला सांगायचे, माझ्यादेखत."

"मग?" बिट्टीने विचारलं. ही गोष्ट तिला पाठ होती, पण आजीला बळ द्यायला हवं होतं.

"मग काय! एकदा मोटर बंद पडली तर स्वतःच भांडायला गेले वीजवाल्यांशी. आणि आता हा," त्यांनी अप्पांकडे हनुवटी केली, "त्याच मोटरला कुणाला हात लावू देत नाही."

सगळे हसले. अप्पा नाही हसले.

"पण काका, एक सांगते," बिट्टी म्हणाली, "तिकडे गेलात तरी आधी माप लागणारच. तोंडात थेट स्कॅनर फिरवून आजीचं होत नाही. मी करून बघितलंय. दात असले की त्याला खुणा सापडतात. नुसत्या ओल्या हिरडीवर तो वाटच चुकतो. शेवटी पावडर कालवून, ट्रे तोंडात दाबूनच माप घ्यावं लागतं."

"मग ते मी घेईन."

"तू?" माईंनी पदर तोंडाशी नेला. "माझे राहिलेले दात काढलेस ते तूच ना? तेव्हाच ठरवलंय मी, तुझ्यापुढे आता जेवायलासुद्धा तोंड उघडायचं नाही."

पुन्हा हसू फुटलं. धाकटाही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. आणि त्या हसण्याच्या मध्येच अप्पा म्हणाले, "ने तिला."

"काय?"

"ने म्हटलं ना. बरोबर आहे तुझं. मला जमत नाहीये." अप्पांनी आपली बशी उचलली, मोरीत नेऊन ठेवली आणि ते पुढच्या खोलीत निघून गेले. त्यांनी वाद घातला असता, आवाज चढवला असता, तर घराला सवय होती. हे असं मुकाट्याने ऐकून घेणं कुणाच्याच ओळखीचं नव्हतं.

पुढच्या खोलीत दुपारचं ऊन बाकावर आलं होतं. बाकाच्या कडेला गरम सुऱ्या टेकवून टेकवून पडलेले काळे डाग, भिंतीच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने नाव. खोलीला मेणाचा वास कायमचा लागलेला. अप्पांनी मेण कोरायच्या सुऱ्या एकेक करून पुसल्या आणि कपाटात ठेवायला सुरुवात केली. मग चिमटे, मग कानशी.

"हत्यारं कपाटात कशाला?" दारातून बायको म्हणाली.

"धूळ बसते."

"इतकी वर्षं बसतच होती की."

अप्पांनी पुढची कानस पुसायला घेतली. ती आत आली, स्टुलावरचे कागद बाजूला करून बसली आणि वाट बघत राहिली. तिला वाट बघता यायची, हा तिचा सगळ्यात मोठा गुण आणि अप्पांच्या मते सगळ्यात मोठा त्रास.

"हात गेले गं," शेवटी अप्पा म्हणाले. "कुणाला बोललो नाही. सकाळी अंगठा थरथरतो. परवा मेणाची सुरी पडली हातातून. आधी वाटलं, थंडी असेल. मग माईची पहिली बिघडली. वाटलं, होतं एखाद्या वेळी. दुसरी बिघडली. आता तिसरी. दुसऱ्या कुणाची असती तर म्हटलं असतं की हिरडीच अवघड आहे. पण हे तोंड मी जन्मापासून बघतोय."

"गळ्याचं बटण सकाळी माझ्याकडून लावून घेता, ते मला काय प्रेमाने वाटतं होय?" बायको म्हणाली. पण तिने त्यांचा हात हातात घेतला होता. "गेले तर गेले हात. तुम्ही तर आहात ना."

"मी म्हणजे हातच की," अप्पा म्हणाले. "बाकी माझ्यात आहे काय? मला हिशेब येत नाही, बोलता येत नाही, त्या टीव्हीचं बटण कुठलं ते कळत नाही. उद्या पोरगी सगळं त्याच्यावर करायला लागेल. करू दे, चांगलं करेल. पण मी इथे बसून काय करू? आलेल्या माणसाला पाणी देऊ?"

ती नुसती त्यांचा अंगठा चोळत राहिली. तेवढ्यात दारातून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि दोघांनी वळून पाहिलं तर बिट्टी उभी होती. कधीपासून, देव जाणे.

"अप्पा, मी एक आगाऊपणा केलाय," ती म्हणाली. "आधी ओरडून घ्या. मग दाखवते."

"काय केलंस?"

"आजीचे तिन्ही साचे घेतले फळीवरून. स्कॅन केले. तुम्हाला न विचारता."

अप्पांच्या फळीवरच्या साच्यांना त्यांच्या परवानगीवाचून हात लावायचा नाही, हा या खोलीतला एकमेव लिहून न ठेवलेला कायदा. अप्पांचं तोंड उघडलं. मग बिट्टीचे लाल डोळे दिसले आणि ते मिटलं.

"ओरडलो समज. दाखव."

तिने घडी घातलेला पंचा बाजूला सरकवला आणि बटण दाबलं. पडद्यावर एक जबडा उमटला, खालचा, घोड्याच्या नालेसारखा वळलेला. अप्पांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. स्वतःचं काम त्यांनी ओळखलं.

"ही एकावर एक ठेवलीत, तीनही मापं. जिथे तिन्ही अगदी जुळतात तिथे हिरवं. जिथे नाही, तिथे पिवळं, आणि फारच फरक असेल तिथे लाल. पण हे थांबा, आधी दुसरं बघा." तिने दुसरा जबडा आणला. तो सगळाच्या सगळा हिरवागार होता. "हे हेडबाईंचं. गेल्या महिन्यात त्यांचा साचा हातातून फुटला माझ्याच, आठवतं? तुम्ही पुन्हा माप घेतलंत. फुटलेला मी जोडून ठेवला होता. दोन वेगळ्या दिवशी घेतलेली मापं आहेत ही, अप्पा. केसाएवढाही फरक नाही. काकांच्या केंद्रातल्या माणसाला दोनदा सांगा असं घ्यायला. नाही जमणार. हात गेलेत म्हणता? हे गेलेले हात आहेत?"

अप्पा पडद्याच्या आणखी जवळ गेले.

"अंगठा थरथरतो तुमचा. मी पण बघितलाय. सकाळी असतो, चहानंतर जातो. पण मापात तो कुठेच दिसत नाही."

"मग माईचं?"

बिट्टीने पहिला जबडा पुन्हा आणला. तोही जवळजवळ सगळा हिरवा होता. फक्त डावीकडे, अगदी मागे, जिभेच्या बाजूला, जिथे कवळीची कड खाली उतरून बसते आणि तिला धरून ठेवते, तिथे एक डाग होता. लाल.

"इथे. पहिल्यांदा थोडं वर राहिलंय. दुसऱ्यांदा त्याहून वर. तिसऱ्यांदा तर ट्रे इथे टेकलाच नाहीये. म्हणून कड आखूड झाली, म्हणून कवळी नाचते. बाकी सगळीकडे तुमचा हात पक्का आहे. फक्त इथे तुम्ही उचललाय."

अप्पांनी आपला अंगठा पुढे केला आणि पडद्यावरच्या त्या लाल डागावर ठेवला. काच गुळगुळीत आणि थोडी कोमट होती.

त्या जागी माईंना मागे फोड आला होता. पहिलं माप घेताना अप्पांनी नेहमीसारखा ट्रे बसवला, नेहमीसारखा अंगठा दाबला, आणि माईंनी त्यांचं मनगट धरलं होतं. "नको रे बाळा," एवढंच म्हणाल्या होत्या, तेही तोंडात ट्रे असल्यामुळे अर्धंमुर्धं. साठी उलटलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला बाळा म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. अप्पांनी तरी माप पुरं घेतलं होतं. निदान त्यांना तसं वाटलं होतं. पुढची दोन्ही मापंही त्यांनी मन घट्ट करून पूर्ण घेतली होती. फोड कधीच बरा झाला होता. पण अंगठ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मी दाबलंच नाही," अप्पा म्हणाले. "अगं, मी तिला दाबलंच नाही!" आणि ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांना धार लागली, तर बायकोने पंचाच पुढे केला, तो मेणाने माखलेला. त्यांनी त्यानेच डोळे पुसले आणि भुवईला मेण लावून घेतलं.

"टीव्हीला हे सगळं कळलं?"

"टीव्हीला फक्त उंची कळली, अप्पा. बाकीचं मला कळलं."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "काकाला सांगितलंस?"

"नाही."

"जेवताना म्हणता आलं असतं. तुझ्या मशिनला खेळणं म्हटलं त्याने. मी पण म्हटलं."

"हो, आलं असतं," बिट्टी म्हणाली. "माझी जीभ वळवळत होती अगदी. पण मग सगळ्यांनी हा डाग बघितला असता आणि काका म्हणाले असते, बघ, हाताने घेतलेलं माप चुकतं. आणि ते चुकलेलं नाहीये. म्हणजे चुकलंय, पण... तुम्हाला कळलं ना मला काय म्हणायचंय?"

अप्पांना कळलं होतं. ते उठले. कपाटातून त्यांनी रबराची वाटी काढली, पावडरीचा डबा काढला आणि बायकोला म्हणाले, "जाऊन धाकट्याला थांबव. नाही, थांब, मीच जातो."

तोवर दाराशी निघायची तयारी झालीच होती. माई बाकड्यावर बसल्या होत्या, एका पायात बूट, दुसरा हातात. त्यांची पिशवी धाकट्याने खांद्याला लावली होती. जाताना माई कधी आनंदाने जात नसत, पण आज त्या विशेषच लहान दिसत होत्या.

"पिशवी ठेव खाली," अप्पा म्हणाले. "एक माप राहिलंय."

"दादा, प्लीज. तीन झाली. आता काय तिच्या तोंडाची—"

"तीन झालीच नाहीत. मी दाबलं नव्हतं." अप्पांनी एका दमात सांगून टाकलं. एवढं लांब ते एरवी भावाशी बोलत नसत. "तिला तिथे दुखलं होतं, ती नको म्हणाली, आणि तेव्हापासून माझा अंगठा तिथे गेला की आपोआप उचलला जातो. मला कळलंसुद्धा नाही. मला वाटलं, माझे हात गेले. बिट्टीने दाखवलं तिच्या मशिनवर. तीनही वेळा, एकाच जागी."

धाकट्याने पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. मग तो माईंशेजारी बाकड्यावर टेकला.

"माझ्याकडे तिचे दात काढले ना," तो अप्पांना म्हणाला, माईंकडे न बघता, "तेव्हा मी नीट काढले. हात हलला नाही माझा. तिला घरी सोडलं आणि गाडी कोपऱ्यावर उभी करून रडत बसलो. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू हसला असतास."

"हसलो असतो," अप्पांनी कबूल केलं.

"वेडी कार्टी," माई म्हणाल्या. त्यांनी हातातला बूट खाली टाकला. "एक दात काढून रडतो, एक दात बसवायला घाबरतो. आणि मी म्हातारी मात्र सूप पितेय." मग त्यांनी अप्पांच्या भुवईवरचा मेणाचा थर नखाने काढला. "दुखलं तर दुखलं रे. मी काय मोडते? चला, कुठे बसायचं ते सांगा. या पायातला बूट कुणीतरी काढा आधी."

बूट धाकट्याने काढला.

पुढच्या खोलीत खिडकीजवळची मोठी खुर्ची रिकामी केली. सूनबाईंनी माईंच्या गळ्याखाली रुमाल अडकवला. बिट्टीने फडताळातून एक पांढरा ट्रे काढला. तो तिने आजीच्या साच्यांवरूनच छापून ठेवला होता, फक्त डावी मागची कड खाली वाढवून. अप्पांनी तो उलटासुलटा करून पाहिला, कडेवरून बोट फिरवलं. एका ठिकाणी खरखरीत लागलं तिथे मोटरवर घासून आणला. मग तो बिट्टीच्या हातात परत दिला.

"घे."

"म्हणजे? मी?" बिट्टी मागे सरकली. "अप्पा, नाही हं. मी किती मापं घेतली असतील हाताने? शिकताना घेतली तेवढीच. तुम्ही घ्या. आता तर कळलंय कुठे ते."

"मला कळलंय. अंगठ्याला कोण सांगणार? तो पुन्हा उचलेल. मला माहीत आहे माझा अंगठा."

"आणि माझी कोण ती? माझीही आजीच आहे!"

"आजीला थोडं छळलं तर चालतं. नातवंडं तेच करत असतात."

"अगदी!" माईंनी खुर्चीतून दुजोरा दिला.

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. मी घेऊ का, हे त्याच्या तोंडावर आलेलं दिसत होतं. पण त्याने ते गिळलं आणि पावडरीत पाणी मोजून घालायला पुढे झाला. बिट्टीने वाटीत घोटायला घेतलं. तिचे हात थरथरत होते. अप्पांनी ते पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणाले, बघा, पंचविशीतले हातसुद्धा थरथरतात.

"घोटताना थांबू नकोस. गुठळी नको. हं, आता भर. कडेला जास्त. शाबास," अप्पा सांगत होते. आवाज अगदी रोजचा. "ट्रे आधी तिरका आत. मग सरळ. दोन्ही अंगठे मागे, बोटं हनुवटीखाली. दाबायचं ते सरळ खाली. माई, जीभ वर. आणखी वर. नाकाने श्वास घे, घाई नाही."

शिकवत शिकवत ते खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेले. तिथे एक बुटकं लाकडी स्टूल असे. माप द्यायला आलेल्या माणसासोबत कुणी नातेवाईक आलं तर ते त्यावर बसे. कुणाचा नवरा, कुणाची मुलगी, घाबरून उगीचच हसणारे, जायची वेळ झाली की पहिले उठणारे. अप्पांनी आयुष्यभर त्या स्टुलावर लोकांना बसवलं होतं. स्वतः ते त्यावर बसले नव्हते. आज ते खाली टेकले. गुडघे छातीशी आले. तिथून खोली वेगळीच दिसत होती, बाक उंच, बिट्टीही उंच. त्यांनी माईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हाताची कातडी सैल झाली होती आणि तळवा गरम होता.

बिट्टीने ट्रे बसवला आणि वाढवलेली कड खाली उतरेपर्यंत दाबला.

माईंचं सगळं अंग खुर्चीत आक्रसलं. घशातून एक आवाज आला, त्याला शब्द नव्हता. डाव्या डोळ्यातून पाणी ओघळून कानाकडे गेलं, आणि त्यांची बोटं अप्पांच्या तळव्यात नखांसकट रुतली. धाकट्याने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बिट्टीचे अंगठे जागच्या जागी थांबले. हलके व्हायला लागले होते, अप्पांना दिसलं. तिने मान वळवून बापाकडे पाहिलं.

"अप्पा," ती कुजबुजली, "थांबू?"

माईसुद्धा त्यांच्याकडेच बघत होत्या. अप्पांनी तो हात आणखी घट्ट धरला.

"नाही," ते म्हणाले. "तिला मी धरलंय. तू दाब."